अंगण नसलेल्यांची गाडी

मुंबईत शिवाजी पार्क, दादर आणि माटुंगा या भागांत 1930 ते 1950 च्या दरम्यान ज्या तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या बांधणाऱ्यांनी हवा, उजेड, गॅलरी आणि रस्त्याकडेची झाडे यांचा मोठ्या आस्थेने विचार केलेला दिसतो. परंतु मोटार ही त्या काळी मोजक्या घरांची चैन असल्यामुळे, पुढे प्रत्येक बिऱ्हाडाची एक गाडी असेल आणि ती उभी करायला व धुवायला जागा लागेल, ही गोष्ट त्यांच्या स्वप्नातही आली नसावी. अशाच एका इमारतीत माझे बिऱ्हाड असल्यामुळे माझी गाडी बाराही महिने रस्त्याच्या कडेला, एका जुन्या वर्षावृक्षाखाली उभी असते, आणि ती धुण्याचे काम मला परक्याच्या वहिवाटीच्या जागेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांशी आणि महापालिकेच्या मोजक्या पाण्यावर उरकावे लागते. या अवस्थेत बरीच वर्षे काढल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, ज्याला अंगण नाही त्याने अंगणवाल्याची रीत उचलू नये. रबरी नळी, साबणाचा फेस आणि वाहते पाणी ही त्याची साधने नव्हेत, त्याची साधने दोन बादल्या, पुष्कळ स्वच्छ फडकी आणि थोडा धीर ही आहेत.

गाडी रोज पुसली म्हणजे ती नीट राहते, हा आपल्याकडचा सार्वत्रिक समज मला फार महागात पडला. आमच्या भागात दरमहा ठरावीक रकमेवर गाड्या पुसून देणारी मंडळी आहेत. पहाटे रस्ता जागा होण्यापूर्वी एक बादली आणि एक-दोन फडकी घेऊन ती येतात आणि लोक कामावर निघण्यापूर्वी एकेक जण पंचवीस-तीस गाड्या हातावेगळ्या करतो. आमच्याकडे येणारा माणूस सचोटीचा होता, त्याची हजेरी कधी चुकली नाही, आणि सकाळी गाडी पाहिली की ती झळकत असे. परंतु एका हिवाळ्यात, दुपारचे ऊन कलले असताना, गडद निळ्या बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक, गोलाकार रेषा मला दिसल्या. सावलीत त्या मुळीच दिसत नसत, आणि ऊन तिरपे पडले की बोनेटपासून डिकीपर्यंत त्यांचेच राज्य असे. कोणी खोडसाळपणाने ओरखडे काढले असतील अशी शंका घेऊन मी गाडी कारखान्यात नेली, तेव्हा तिथल्या अनुभवी मिस्त्रीने अंगठा ओला करून तो पत्र्यावरून फिरवला आणि म्हणाला, "साहेब, हे कोणी केलेलं नाही. पुसून पुसून झालंय."

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक लेप असतो, ज्याला या धंद्यातले लोक क्लिअर कोट म्हणतात, त्याची जाडी साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. आणि मुंबईत रात्रभरात गाडीवर जी धूळ साचते, ती खेड्यातल्या वाटेवरची मऊ माती नव्हे, तर बांधकामांवरून उडालेली सिमेंटची पूड, खडीची चुरी आणि वाळूचे कण यांचे मिश्रण असते. त्यांतला वाळूचा कण काचेवरही रेघ उमटवण्याइतका कठीण असतो. अशी धूळ ओलसर फडक्याने रगडून पुसली, आणि तेच फडके त्याच बादलीत बुचकळून पुढच्या गाडीवर नेले, म्हणजे त्या फडक्यात अडकलेला कण न कण रंगावर घासला जातो. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही, वर्षाच्या शेवटी मात्र रंगाची कांती उतरते. यात त्या माणसाचा अपराध आहे असे मला आजही वाटत नाही. एका बादलीत तीस गाड्या झळकवून द्याव्यात, असा हुकूम आपणच त्याला दिलेला असतो, आणि त्या हुकमाची तामिली याहून निराळ्या रीतीने होणे शक्य नसते. म्हणून मी त्याची रक्कम कायम ठेवून काम तेवढे बदलून दिले: तो आता रोज फक्त काचा आणि आरसे पुसतो, तेही मी दिलेल्या फडक्यांनी, आणि पत्रा मी स्वतः आठवड्यातून एकदा धुतो.

धुण्याची रीत सांगतो, कारण तिच्यात क्रमाला महत्त्व आहे. वेळ सकाळची असावी, आणि पत्र्याला हात लावल्यास तो गार लागला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर साबण क्षणात वाळतो आणि त्याचे डाग राहतात. एका बादलीत सुमारे 10 लिटर पाणी आणि गाडीसाठीच तयार केलेला शॅम्पू, दुसरीत तेवढेच साधे पाणी घ्यावे. प्रथम तांब्याने छपरावरून पाणी हळूहळू सोडून सगळी धूळ भिजू द्यावी आणि दोन-तीन मिनिटे हात बांधून उभे राहावे. हे उभे राहणे सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयुक्त आहे, कारण भिजलेला कण पत्रा सोडतो. मग साबणाच्या पाण्यातले मायक्रोफायबरचे जाड फडके छपरापासून खाली, सरळ रेषेत आणि स्वतःच्या वजनाने, दाब न देता ओढावे. एक भाग झाला की ते साध्या पाण्याच्या बादलीत खळखळून पिळावे आणि मगच पुन्हा साबणात घालावे. थोड्याच वेळात दुसऱ्या बादलीच्या तळाशी जो काळा गाळ बसलेला दिसतो, तो एरवी रंगावर फिरला असता. दारांचे खालचे भाग, बम्पर आणि चाके शेवटी, निराळ्या फडक्याने. चाकांना ब्रेकची लोखंडी पूड चिकटलेली असते आणि ते फडके पुन्हा पत्र्याला लागता कामा नये. हातातले फडके रस्त्यावर पडले, तर ते झटकून पुढे वापरू नये, बाजूला ठेवून नवे घ्यावे. शेवटी तांब्याने थोडे स्वच्छ पाणी सोडून लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. भांडी घासण्याचे द्रव्य किंवा कपड्यांची पावडर यांनी मेणाचा थर निघून जातो, आणि डांबराचे डाग काढण्यासाठी सर्रास वापरले जाणारे रॉकेल काचांभोवतीच्या रबराला खाते. ही तिन्ही घरातच राहू द्यावीत.

एवढ्या धुण्याला 30 लिटरच्या आत पाणी लागते. साध्या रबरी नळीतून मिनिटाला 10 ते 15 लिटर पाणी वाहते, म्हणजे नळी लावून अर्धा तास गाडी धुणारा गृहस्थ निदान 300 लिटर पाणी रस्त्यावर सोडतो. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात दर माणशी दर दिवशी 135 लिटर हे प्रमाण धरतात, त्या हिशेबाने ते दोन माणसांच्या दिवसभराच्या वाट्याहून अधिक होते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि अप्पर वैतरणा हे पाचही ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतले आहेत, आणि ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बायकांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. 2024 च्या उन्हाळ्यात महापालिकेने आधी 5 आणि मग 10 टक्के पाणीकपात लागू केली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास 5,000 रुपये दंडाचा हुकूम निघाला. दंडाची वाट न पाहता नळी घरी ठेवणे हे मला साध्या नागरिकत्वाचे लक्षण वाटते.

पाण्याचा दुसरा प्रश्न ते जाते कुठे हा आहे. आमच्या गल्लीत एकदा कोणाच्या तरी गाडीचा फेस पदपथावर पसरला आणि फिरून परत येणारे एक वृद्ध गृहस्थ त्यावरून घसरले. मनगट मोडले, आणि पुढे कित्येक आठवडे त्यांना सदऱ्याची गुंडीही स्वतः लावता येईना. रस्ता सर्वांचा असतो, आणि त्यावर ओतलेल्या प्रत्येक तांब्याची जबाबदारी ओतणाऱ्यावर असते. शिवाय मुंबईत रस्त्याकडेच्या जाळीतून जाणारे पाणी मलनिस्सारणाच्या वाहिनीत जात नाही, पर्जन्यजलवाहिनीतून कोणत्याही शुद्धीकरणावाचून समुद्राला मिळते. म्हणून साबणाची आणि गाळाची बादली जाळीत रिकामी करू नये. ती उचलून घरच्या न्हाणीत ओतावी. दोन जिने चढण्याची तसदी पडते, ती घ्यावी.

पाणी वाचवण्याच्या सद्हेतूने लोक जे पर्याय शोधतात, त्यांबाबतही सावध राहावे. समुद्रकाठच्या विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी बहुधा मचूळ असते; ते काचेवर आणि रंगावर वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके उरतात, आणि जुने झाले की पॉलिश केल्यावाचून निघत नाहीत. पाणी शुद्ध करणाऱ्या आर. ओ. यंत्रातून बाहेर पडणारे पाणी तर अधिकच क्षारयुक्त असते. त्याने चाके धुवावीत, पत्रा धुऊ नये. याउलट वातानुकूलन यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि मुंबईच्या दमट हवेत एका रात्रीत ते कित्येक लिटर जमते. काचा आणि शेवटचा हात यांसाठी मी तेच वापरतो, आणि त्याइतके निर्मळ पाणी मला दुसरे मिळालेले नाही.

झाडाखाली गाडी उभी करणाऱ्याला दोन शत्रू. पक्ष्यांची विष्ठा आम्लयुक्त असते आणि उन्हात ती रंगावर कायमचा डाग पाडू शकते. वर्षावृक्षांवर पिठ्या ढेकणांचा उपद्रव झाला की त्यांचा चिकटा थेंबाथेंबाने टपावर साचतो आणि त्यावर धूळ बसते. दोन्हींवर उपाय एकच: कोमट पाण्यात भिजवलेले फडके डागावर पाच मिनिटे ठेवावे आणि मग अलगद उचलावे; नखाने खरवडू नये. धुऊन झाल्यावर मात्र गाडी तशीच उभी ठेवू नये. समुद्राच्या खाऱ्या हवेत ओल्या ब्रेकच्या तबकड्यांवर एका रात्रीत गंज चढतो. जवळच एक फेरी मारून ब्रेक तीन-चार वेळा हलके दाबले की त्या कोरड्या होतात.

शेवटची बाब सर्वांत खर्चिक आहे, आणि ती बाहेरून दिसत नाही. समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली, एक काळी जाळी असते. काचेवरचे पाणी तिच्यातून आत उतरते आणि दोन बाजूंच्या बारीक नळ्यांवाटे चाकांमागे निघून जाते. वर्षावृक्षाची इवलीशी पाने आणि गुलमोहराच्या पाकळ्या त्या जाळीतून सहज आत शिरतात आणि कुजून नळ्यांचे तोंड बंद करतात. एका जुलैत सततच्या पावसानंतर माझ्या गाडीत कुबट वास येऊ लागला. काचा बंद होत्या, दारांची रबरे शाबूत होती, तरी पायाखालचे जाजम उचलताच खालचा स्पंज पिळता येईल इतका भिजलेला निघाला, आणि त्याखालच्या तारांच्या जोडण्यांवर हिरवट गंज चढला होता. कारखान्यात आतला सगळा सांगाडा उकलावा लागला. दारांच्या खालच्या कडेलाही अशीच बारीक भोके असतात. ती बुजली की पाणी दारात साठते आणि पत्रा आतून सडू लागतो. मेच्या अखेरीस बोनेट उघडून त्या जाळीभोवतीची पाने हाताने काढावीत, दोन्ही बाजूंना तांब्याभर पाणी सोडून ते चाकांमागे पडते की नाही हे पाहावे, आणि दारांची भोके काडीने मोकळी करावीत. झाडाखाली गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाने एवढे काम पहिल्या सरीपूर्वी उरकून टाकावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.