हमीपत्र आणि नागपूरचा मे महिना

बॅटरी विकताना जो इसम पाच वर्षांची ग्वाही छातीठोकपणे देतो, तोच हमी निभावण्याची वेळ आली म्हणजे एकाएकी हवामानशास्त्रज्ञ बनतो, असा माझा अनुभव आहे. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात मे महिन्यात वीज गेली, आणि जनरेटर सुरू होईपर्यंत पीएलसी, म्हणजे भट्टीचा क्रम चालविणारा नियंत्रक, जागा ठेवण्यासाठीच ज्यांची योजना होती, त्या १२ व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्यांनी ऐन वेळी माना टाकल्या. भट्टीचा क्रम मध्येच तुटून आतला माल वाया गेला, आणि जाब अर्थातच मला विचारण्यात आला.

पुरवठेदाराच्या माणसाने मल्टीमीटर लावून २५.४ व्होल्टचा आकडा विजयी मुद्रेने दाखविला. मी काही न बोलता ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब त्या जोडीला जोडला, तो पाहता पाहता आकडा १९ च्या खाली घसरला आणि बल्बची तार तांबूस होऊन विझू लागली. तरी हे गृहस्थ बल्बाकडे पाठ फिरवून ‘साहेब, पॅनेलमध्ये गरमी किती आहे!’ हेच पालुपद आळवीत राहिले. मग बॅटरीवरची खरेदीच्या तारखेची चिठ्ठी मी नखाने खरवडली, तेव्हा खाली निर्मितीचा महिना निघाला तो त्या तारखेच्या दोन वर्षे आधीचा! बॅटऱ्या पॅनेलबाहेर हवेशीर जागी बसवाव्यात, हे माझे पत्र तर एप्रिलपासून दफ्तरी पडून होते.

ज्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला, तिथे उष्णतेची सबब विक्रीनंतर कशी सुचते? शिशाच्या बंद बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना सुमारे निम्मे होते, हे विकणाऱ्याने आधी सांगावयास हवे.

यास्तव खरेदीच्या आदेशातच निर्मितीची तारीख मागावी, आणि उन्हाळ्यापूर्वी प्रत्यक्ष भार लावून बॅटरी तपासावी, कारण भाराविना दिसणारे व्होल्ट काहीच सिद्ध करीत नाहीत. तापमानानुसार व्होल्ट कमी करणारा चार्जर घ्यावा; बदलताना दोन्ही बॅटऱ्या एकदमच बदलाव्यात. जुन्या पीएलसीतला स्मृतीचा छोटा सेल निराळा असतो. प्रोग्रॅमची प्रत आधी काढून, पुस्तिकेबरहुकूम, बहुधा वीज चालू असतानाच तो बदलावा लागतो. बाकी स्वस्ताईच्या मोहात पडू नये, सर्व काही लेखी घ्यावे, वगैरे सर्वांस ठाऊकच आहे.

त्या पुरवठेदाराचे उर्वरित देयक मी अद्याप मंजूर केलेले नाही.