मसाईच्या पठारावर बॅकलीड कुठे होता?

"ताई, मावळे रडत नसतात." घोटा टम्म सुजलेल्या माझ्या बहिणीला खोतवाडीच्या मुक्कामी ट्रेकच्या आयोजकाने हे ऐकवलं. ती रडत नव्हती. तिने एवढंच विचारलं होतं, "तुमचा बॅकलीड कुठे होता?"

पन्हाळा ते पावनखिंड ही वाट जुलैत माणसांनी फुलून जाते. पुसाटी बुरुजाकडून उतरलं की तुरुकवाडी, म्हाळुंगे आणि मग मसाईचं पठार. वर सगळा जांभ्याचा सडा. त्यावर पाऊलवाट उमटत नाही, आणि धुकं उतरलं की चार हातांवरचा माणूस दिसत नाही. तिथेच शेवाळावरून बहिणीचा पाय मुरगळला. बॅकलीड, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहणारा, म्हणून ओळख करून दिलेला मुलगा "पुढे सांगून येतो" म्हणाला आणि गेला तो गेलाच.

आम्ही थांबलो, शिट्ट्या मारल्या, हाका मारल्या. फोनला रेंज नव्हती. खूप वेळाने लक्षात आलं की आपण मागे राहिलोय हेच पुढे कुणाला माहीत नाही. मग शोधायला येणार कोण? बहिणीचा हात धरून अंदाजाने चालू लागलो, तेवढ्यात म्हशी घेऊन परतणारे, घोंगड्याची खोळ पांघरलेले एक आजोबा भेटले. "कुठं निघालाय? पुढं कडा हाय," असं ओरडून त्यांनी आम्हाला थांबवलं. काठी बहिणीच्या हातात दिली आणि कुंभारवाडीपर्यंत सोबत आले. पैसे घेईनात.

मुक्कामी पोचलो तेव्हा जेवणं उरकली होती. हजेरी घेतलीच नव्हती. तो बॅकलीड कोरड्या कपड्यांत चहा पीत बसला होता. "तुम्ही फारच हळू चालता," हे त्याचं उत्तर. परतल्यावर जाब विचारला तर 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशी सही केलेला फॉर्म दाखवला आणि ग्रुपमधून मला काढून टाकलं.

या लोकांनी मावळ्यांचं नाव घ्यावं, याचाच मला सर्वांत जास्त राग आहे. जुलै १६६० मधल्या त्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले, ते वाट आधी हेरून ठेवली होती म्हणून, असंच आपण ऐकत आलो. खिंडीत बाजीप्रभू थांबले ते पुढची माणसं विशाळगडावर सुखरूप पोचावीत म्हणून. आणि इथे मागच्यांना टाकून पुढे पळणारा आम्हाला मावळे कसे असतात ते शिकवतो!

जाणार असाल तर पैसे भरण्याआधी विचारा: एका लीडरमागे किती माणसं? बॅकलीड कोण, आणि ही वाट तो पावसाळ्यात चाललाय का? हजेरी कुठे कुठे घेणार? मसाई चढण्याआधी आणि उतरल्यावर डोकी मोजत नसतील तर जाऊ नका. जायबंदी माणसाला गाडीपर्यंत कसं नेणार, हेही आधी वदवून घ्या. वाटेचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, फोन आणि पॉवरबँक प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. पठारावर धुक्यात सापडलात तर पुढे रेटू नका, गुराख्याची वाट बघा किंवा आल्या वाटेने मागे फिरा. बुटांचे तळ झिजलेले नकोत. पुढे करपेवाडी, पांढरेपाण्यापर्यंत चिखलच आहे, तेव्हा मोज्यांचे जादा जोड आणि मुक्कामाचे कोरडे कपडे वेगळे ठेवा. पाणी, टॉर्च, औषधं हे सगळ्यांना ठाऊकच असतं. लावणी चालू असते, बांध तुडवू नका.

आणि ज्यांच्या घरी जेवाल त्यांना पैसे पोचले का, हे त्यांनाच विचारा. आमच्या मुक्कामाच्या घरातल्या मावशींना आदल्या खेपेचे पैसे अजून मिळायचे होते.