विसरलं तरी चालेल असा वाफा



"आम्हीही बाग करून बघितली हो. आठ दिवस उत्साह होता, मग पाणी घालायचं काम माझ्याच गळ्यात." पालकसभेनंतरच्या गप्पांत बागेचा विषय निघाला की कुणीतरी हे म्हणतंच आणि बाकीचे माना डोलावतात. पुढचं सगळ्यांच्या ओळखीचं असतं. आई रोज आठवण करणार, मूल "घालतो गं" म्हणणार, संध्याकाळी रोपं माना टाकणार आणि दूध, दप्तर, गृहपाठ यांवरून होणाऱ्या कटकटींत आणखी एकीची भर पडणार.

सात-आठ वर्षांचं मूल विसरणारच. त्याचं वयच ते. चुकते ती बागेची आखणी. रोज पाणी मागणाऱ्या डझनभर कुंड्या त्याच्या हवाली करायच्या आणि वर जबाबदारीचे धडे द्यायचे, हा त्याच्यावर अन्याय आहे. त्यापेक्षा चार दिवस कुणी फिरकलं नाही तरी तग धरील असा एकच वाफा करून द्या. तुमचे कष्ट सुरुवातीच्या एखाद्या सुट्टीपुरते. मग वाफा त्याचा.

यासाठी जमिनीपासून उचललेला गादीवाफा सगळ्यांत सोयीचा. लांबी जागेप्रमाणे ठेवा, पण रुंदी ३ फुटांच्या वर नको. मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोचला पाहिजे. भिंतीलगत असेल तर दीड फूट पुरे. उंची ९ ते १२ इंच. नियम एकच : वाफ्यात पाय द्यायचा नाही. माती तुडवली गेली नाही की ती भुसभुशीत राहते, पुन्हा पुन्हा खणावी लागत नाही. कोकणातल्या पावसात मुळाशी पाणी साचतं, देशावरची काळी माती पाणी धरून बसते. दोन्हीकडे उंच वाफ्यातून जादा पाणी निघून जातं. कडेला विटा, चिरे, जुनी कौलं, हाताशी असेल ते लावा. लाकडी फळ्या देखण्या दिसतात, पण वाळवीपुढे त्यांचा टिकाव लागणं कठीण.

तळाशी नारळाच्या शेंड्या आणि काटक्या, त्यावर वाळका पाला दाबून, आणि वरच्या ५-६ इंचांत माती आणि चांगलं कुजलेलं खत निम्मं-निम्मं. स्वयंपाकघरातला ओला कचरा थेट पुरू नका, उंदीर-घुशी उकरायला येतात. पाला कुजतो तसा वाफा खाली बसतो. वर्षातून एकदा वरून खत आणि पाला घातला की भागतं. गच्चीवर करणार असाल तर मात्र थांबून हिशेब करा. ६ फूट लांब, ३ फूट रुंद आणि फूटभर खोल वाफा नुसत्या मातीनं भरला तर ओला असताना त्याचं वजन ८०० किलोंच्या घरात जातं. तिथे पाला आणि कोकोपीटचा हलका भर वापरा, खोली कमी ठेवा आणि स्लॅब किती वजन पेलेल हे इंजिनिअरला आधी विचारा.

आता विसरण्याची सोय. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात. पहिली म्हणजे मातीचा मटका. रंग न दिलेला साधा मटका वाफ्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरायचा आणि पाण्यानं भरायचा. भोवतालची माती सुकेल तसं त्याच्या अंगातून पाणी झिरपतं, माती ओली असली की झिरपणं मंदावतं. तोंडावर घट्ट झाकण हवंच, नाहीतर डासांची पैदास होईल. मुलाला "रोज पाणी घाल" म्हणण्याऐवजी "मटक्यात किती उरलंय बघ रे" एवढंच म्हणायचं. बघायला मुलांना आवडतं. बी रुजेपर्यंतचे दिवस तेवढे वरून हलकं पाणी शिंपडावं लागेल, पण तेव्हा उत्साहही नवा असतो. दुसरी गोष्ट आच्छादन. रोपं वीतभर झाली की त्यांच्या बुंध्याशी दोन-तीन इंच वाळका पाला पसरायचा. ओल टिकते, तणाला ऊन मिळत नाही, निंदणीचं काम जवळजवळ संपतं. खरं वाटत नसेल तर मुलाला एक कोपरा उघडा ठेवू द्या, दोन्हीकडच्या मातीत बोट खुपसून पाहू द्या. श्री. अ. दाभोळकरांच्या 'प्रयोग परिवारा'नं शेतकऱ्यांना हेच सांगितलं : आपल्याच मातीत लहानसा प्रयोग करा आणि डोळ्यांनी बघा.

लावायचं काय? लवकर उगवणारं आणि घरात खाल्लं जाणारं. मेथी दोन-तीन दिवसांत डोकं वर काढते आणि महिन्याभरात जुडी होते. मुलाच्या धीराला एवढंच झेपतं. पालक वरून कापत राहिलं की पुन्हा फुटतो. धणे हलके रगडून पेरावेत, त्यांना उगवायला आठ-दहा दिवस लागतात. मुळा दीड महिन्यात उपटता येतो, आणि मातीतून काय निघणार याची उत्सुकता मुलाला शेवटपर्यंत असते. ही सगळी दसऱ्यानंतरची पिकं. पावसाळ्याच्या तोंडाशी भेंडी, गवार, चवळी लावा. वेल चढवायचा मांडव वाफ्याच्या उत्तरेला, म्हणजे बाकीच्यांवर सावली पडणार नाही. एका टोकाला अळू आणि गवती चहा लावले की ते वर्षानुवर्षं आपले आपण राहतात. फ्लॉवर-कोबीच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका, अळ्या वेचता वेचता सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला येईल. आणि मे महिन्यात तुम्ही गावाला जाल तेव्हा वाफ्यालाही सुट्टी. जाड पाला पसरून झाकून ठेवा.

फुलं हवीतच, आणि ती भाजीतच हवीत. कोपऱ्यांत झेंडू लावा. त्याच्या मुळांतून पाझरणारी द्रव्यं मातीतल्या काही सूत्रकृमींना आवर घालतात. दसऱ्याच्या तोरणातली वाळलेली फुलं मुलाला चुरून ठेवायला सांगा. पुढच्या आषाढात पेरली तर सगळी नाही, पण बरीचशी उगवतील. सदाफुली आणि गोकर्ण फारशी देखभाल मागत नाहीत. गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते, म्हणजे शाळेतून आलेल्या मुलाला ती ताजी भेटते. फुलांमागून मधमाश्या येतात आणि लाल भोपळ्याच्या वेलाला त्या लागतातच. त्याची नर आणि मादी फुलं वेगळी असतात, मादीफुलाच्या मागे इवलासा भोपळा आधीच असतो. तो मुलालाच शोधू द्या. कण्हेर आणि धोतरा मात्र लहान मुलांच्या बागेत नकोत, दोन्ही विषारी आहेत.

किडे दिसले की लगेच फवारा शोधू नका. चवळीवर मावा पडला की थोड्या दिवसांत तो खायला ढालकिडे येतात, त्यांची वाट बघा. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं तर ती बहुधा फुलपाखराची अळी असते. २०१५ साली महाराष्ट्रानं ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, ते नीलवंत लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं, आणि कढीपत्ता त्याच कुळातला. चार पानं गेली तर जाऊ द्या.

आता थोडं तुमच्याबद्दल, म्हणजे मुलाच्या वाफ्यात मोठ्यांनी किती हात घालायचा याबद्दल. जर्मनीत फ्रोबेलनं १८४० साली आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं, तेव्हा तिथल्या बागेत प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा तुकडा असायचा, शिवाय सगळ्यांचे सामाईक वाफेही. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात शाळा नेली. मूल जिथे रमलंय तिथे मोठ्यांनी जायचं, अशी ती रीत. आपण बहुधा उलटं करतो. मुलाचा वाफा आपल्या मनासारखा दिसावा म्हणून मूल झोपल्यावर ओळी सरळ करतो, मेलेलं रोप गुपचूप बदलतो, पहिली भेंडी निघायच्या आत तिचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो. वाफा कमी देखभालीचा करायचा तो यासाठीही, की तुम्हाला हात मागे ठेवता यावेत. मेथी वाकडीतिकडी उगवली तर उगवू द्या. रोप मेलं तर "का मेलं असेल?" एवढंच विचारा आणि उत्तराची घाई करू नका. चार दिवस मूल वाफ्याकडे फिरकलं नाही तरी टोमणा नको. मटका आणि पाला त्याच्या वतीनं काम करताहेत.

सुरुवात या रविवारी करा, बियाण्यांच्या दुकानात न जाता. मुलाच्या हातात खडू द्या. सकाळी नऊला, बाराला आणि तीनला अंगणात किंवा गच्चीवर सावलीची कड त्याला आखू द्या. जिथे पाच-सहा तास ऊन राहतं ती वाफ्याची जागा. ती त्यालाच ठरवू द्या, तुमच्या मनात दुसरी असली तरीही.