चिरपोटी: तण, रानफळ आणि घरगुती औषध

पावसाळा स्थिरावला की रायपूर परिसरात शेताच्या बांधांवर, सोयाबीन व भाजीपाल्याच्या ओळींत एक मऊ, फांद्यांची वर्षायू वनस्पती वाढू लागते. छत्तीसगडीत ती चिरपोटी, मराठीत चिरबोटी किंवा रानपोपटी. शास्त्रीय नाव फायसॅलिस मिनिमा, कूळ वांगी-टोमॅटोचे. निंदणीत ती प्रथम उपटली जाते आणि ते योग्यच आहे. टोमॅटो-मिरचीवरील विषाणूंना व सूत्रकृमींना अशी सगोत्र तणे आश्रय देतात.

मात्र हीच वनस्पती लोकवैद्यकात मानाची आहे. पिकलेले फळ बल्य, मूत्रल व सौम्य रेचक मानले जाते. पानांचा रस मोहरीच्या तेलात व पाण्यात मिसळून कानदुखीवर वापरण्याची प्रथा जुन्या ग्रंथांत नोंदलेली आहे. तिच्यातील फायसॅलिन व विथॅनोलाइड वर्गातील द्रव्यांचा दाहशामक गुण प्रयोगशाळेत दिसला आहे, परंतु माणसांवरील पुरावा अपुरा आहे. कानाच्या पडद्याला छिद्र असल्यास कोणताही रस आत घालणे धोक्याचे. तेव्हा कार्यकर्त्यांनी ही प्रथा नोंदवावी, शिफारस म्हणून सांगू नये.

खरी अडचण नावांची आहे. रायपूरच्या बाजारात ‘चिरपोटी पताल’ म्हटले की छोटा टोमॅटो मिळतो. फुगीर फळांमुळे कपाळफोडीशीही गल्लत होते. पण ती वेल असून तिच्या फुग्यात गर नसतो, पांढरा ठिपका असलेल्या काळ्या बिया असतात. अश्वगंधेशी होणारी गफलत अधिक गंभीर. तिचेही फळ कागदी आवरणात असते, परंतु झुडूप काष्ठमय व पांढुरक्या लवेचे, फळे पानांच्या बगलेत झुपक्याने व पिकल्यावर लाल. चिरपोटीचे फिकट पिवळे फूल बगलेत एकेकटे, खाली झुकलेले. फुलाचा निदलपुंज वाढून फळाभोवती कंदील बनतो आणि आत पिवळसर फळ.

फळ कंदील वाळून आपोआप गळल्यावरच खावे. हिरव्या फळांत व पाल्यात विषारी अल्कलॉइडे असतात. मुलांना हे आवर्जून सांगावे, कारण बांधावर फळे शोधणारी तीच असतात. गर्भवतींनी औषध म्हणून घेऊ नये. तणनाशक फवारलेल्या बांधावरील झाड तर कोणत्याच उपयोगाचे नाही. बियाणे हवे असल्यास पीक नसलेल्या कोपऱ्यात चार-दोन झाडे राखावीत, टोमॅटोच्या वाफ्यापासून दूर.