पंप खोलण्याआधी डिझेल इंजिनाचा श्वास तपासा

व्यापारी माणूस दुकानातील मालाचा हिशेब रोज करतो. परंतु ज्या टेम्पोतून तो माल येतो, किंवा वीज गेल्यावर ज्या जनरेटरवर दुकान चालते, त्याच्या इंजिनाकडे त्याचे लक्ष जाते ते बंद पडल्यावरच. आम्ही स्वतः कापडाचे व्यापारी आहोत, मिस्त्री नाही. भिवंडीहून माल उचलायचा आणि शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड, टोकावडे या बाजूच्या दुकानदारांपर्यंत पोहोचवायचा, हा आमचा धंदा. या फेऱ्यांत डिझेल इंजिनाने आम्हाला पैसे घेऊन जे शिकवले, त्यातील एक धडा वाचक बंधूंना येथे फुकट देत आहोत.

धडा असा की, इंजिनाची ताकद कमी झाली आणि काळा धूर येऊ लागला, तर पंप व नोझल खोलण्याआधी दोन रस्ते तपासावेत. एक, हवा आत येण्याचा. दुसरा, धूर बाहेर जाण्याचा. या तपासणीला खर्च जवळजवळ नाही आणि वेळ तासाभराचा.

आमचे नुकसान कसे झाले

मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. १९९८ च्या जानेवारीत त्या जत्रेसाठी आम्ही चादरी व ब्लँकेटचा माल उधारीवर उचलला होता. जत्रेच्या तोंडावर आमचा टेम्पो चढावर ओढेना. रिकामा असताना ठीक चाले, पण माल भरला की मागे काळ्या धुराचे लोट. एका गॅरेजमध्ये दाखवला. तेथे पंप उतरवला गेला, नोझल बदलले गेले. तीन दिवस आणि चार हजार रुपये गेले, धूर मात्र तसाच राहिला. मग सांगण्यात आले की, इंजिन खोलून बोअर करावे लागेल. ऐन वेळी भाड्याची गाडी मिळेना. जत्रेचे पहिले दोन दिवस हातचे गेले. उधारीचा वायदा मात्र आमच्यासाठी थांबला नाही.

सरळगावकडील एक भातगिरणीवाले आमचे जुने गिऱ्हाईक होते. त्यांच्या गिरणीवर कैक वर्षे डिझेल इंजिन चालत असे. ते म्हणाले, "शेठ, आधी त्याचं नाक बघा, मग पोट फाडा." त्यांनी एअर क्लीनर आणि इंजिन यांच्यामधला रबरी पाईप काढून दाखवला. बाहेरून तो धड होता, पण आतला थर सुटून लोंबत होता. गाडी उभी असताना तो थर आपल्या जागी बसे. इंजिन जोरात हवा ओढू लागले की तो आत खेचला जाऊन वाट बंद करी. नवा पाईप टाकला आणि धूर गेला. पंपाच्या खर्चापुढे त्या पाईपची किंमत काहीच नव्हती. चूक मिस्त्रीची होती तशी आमचीही होती. "हवेचा पाईप पाहिला का?" एवढे विचारण्याइतकेही ज्ञान आम्हाला नव्हते.

हवेचा आणि ताकदीचा संबंध

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली ऑग्सबर्ग येथे यशस्वी ठरले. त्यात प्लगची ठिणगी नसते. आत आलेली हवा पिस्टन इतकी दाबतो की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. आपल्या महाराष्ट्रात पुण्याला खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली. अशा इंजिनांमुळेच खेड्यापाड्यांत पाण्याचे पंप आणि गिरण्या चालू लागल्या.

एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यासाठी कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते. म्हणजे २०० लिटरची ५० पिंपे भरून हवा. प्रत्यक्षात इंजिन याहूनही जास्त हवा घेते. साध्या डिझेल इंजिनात आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा डिझेल वाढते, हवा नव्हे. हवेचा रस्ता तुंबला असेल तरी पंप आपला डिझेल देतच राहतो. ते अर्धवट जळते आणि त्याची काजळी होऊन बाहेर पडते. तो काळा धूर म्हणजे आपल्याच पैशाचा धूर होय.

बाहेरचा रस्ता तुंबला तरी परिणाम तोच. जळालेला धूर सिलिंडरमध्ये मागे उरतो आणि ताज्या हवेला जागा राहत नाही. शिवाय तो धूर ढकलण्यात पिस्टनची ताकद खर्ची पडते आणि इंजिन तापते.

हा दोष घाटात आधी दिसतो. मुरबाडहून माळशेज घाट चढताना आपण सुमारे ७०० मीटर उंची गाठतो. तेथे हवा खालच्यापेक्षा काहीशी विरळ असते. निरोगी इंजिनाला हे जाणवते न जाणवते, पण ज्याचे नाक आधीच चोंदलेले आहे ते तेथे बसते.

आपल्या भागात फुफाटा फार. कच्चे रस्ते, वीटभट्ट्या, खडीच्या खाणी आणि भातगिरणीचा कोंडा हे सारे एअर क्लीनरमध्ये जाऊन बसते. पावसाळ्यात कागदी फिल्टर भिजून फुगतो आणि सायलेन्सर गंजतो. म्हणून मृग लागण्याआधी आणि दिवाळीनंतर, अशी वर्षातून दोनदा तरी पूर्ण तपासणी करावी.

हवा आत येण्याचा रस्ता

१. इंजिन बंद व थंड करून हवेच्या तोंडापासून सुरुवात करावी. तोंडावरची जाळी व टोपी पाहावी. बरेच दिवस उभ्या असलेल्या इंजिनात कुंभारीण माशीचे मातीचे घर किंवा उंदरांनी कोंबलेल्या चिंध्या सापडतात.

२. कागदी फिल्टर असल्यास तो आपटू नये, पेट्रोलने धुऊ नये. हवा मारायची तर कमी दाबाने, आतून बाहेर. नंतर आत बल्ब धरून पाहावे. उजेडाचा ठिपका दिसला म्हणजे भोक आहे, तो फिल्टर टाकून द्यावा. उजेड कोठेच झिरपत नसेल तर तो तुंबला आहे.

३. जुन्या इंजिनांत तेलाचा एअर क्लीनर असतो. त्यातील चिखल झालेले तेल काढून वाटी व जाळी रॉकेल किंवा डिझेलने धुवावी, वाळवावी आणि नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. कमी तेलात धूळ अडकत नाही. जास्त भरले तर हवा अडते आणि तेल इंजिनात ओढले जाते. मग तेच तेल जळून इंजिन बेफाम पळण्याचा धोका असतो.

४. रबरी पाईप काढून आतून पाहावा व बोटांनी दाबावा. मऊ पडलेला, पापुद्रे सुटलेला पाईप बदलावा. क्लिप घट्ट आहेत का, हेही पाहावे. ढिल्या क्लिपमधून धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते.

फिल्टर काढून इंजिन क्षणभर चालवल्यावर धूर कमी झाला, तर दोष फिल्टरचा समजावा. मात्र हे स्वच्छ जागी आणि मिनिटभरच करावे. फिल्टरविना गाडी रस्त्यावर नेऊ नये. चालू इंजिनाच्या हवेच्या तोंडाजवळ हात, रुमाल किंवा ओढणी नेऊ नये, विशेषतः टर्बो असेल तर.

धूर बाहेर जाण्याचा रस्ता

१. मॅनिफोल्डपासून शेवटच्या टोकापर्यंत पाईप पाहावा. कोठे दगड लागून चेपला आहे का? जनरेटरच्या उभ्या नळकांड्यावर पावसासाठी झाकण असते, ते गंजून अडकले आहे का?

२. सायलेन्सर थंड असताना लाकडाने हलके ठोकावे. आत काही खुळखुळले तर आतील पत्रा सुटून आडवा आला असण्याचा संभव आहे.

३. मोठा जनरेटर दोन-चार दिव्यांसाठी तासन्‌तास चालवला तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये तेलकट काजळी साचते. गरजेपेक्षा मोठा जनरेटर घेणे हा नफ्याचा सौदा नाही.

४. संशय पक्का करायचा तर मिस्त्रीकडून सायलेन्सरचा जोड सुटा करून, मोकळ्या जागी, इंजिन थोडा वेळ चालवून पाहावे. ताकद परत आली तर चोर सापडला. येथे आगीची व भाजण्याची भीती असते, म्हणून कापडाचे गठ्ठे जवळ नकोत.

नळी आणि टेप यांनी मोजणी

डोळ्यांनी समाधान झाले नाही तर मोजता येते. गवंडी लेव्हलसाठी वापरतात तशी पारदर्शक नळी घ्यावी. ती फळीवर इंग्रजी 'यू' अक्षरासारखी बसवावी, प्रत्येक बाजू चार-पाच फूट उंच. अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरावे. एक टोक मोकळे ठेवून दुसरे टोक एअर क्लीनर व इंजिन यांच्यामधील छिद्राला जोडावे. अनेक इंजिनांत यासाठी बूच किंवा लाल खूण दाखवणारा इंडिकेटर असतो. इंजिन पूर्ण भाराखाली चालवले की एका बाजूचे पाणी चढते व दुसरीकडचे उतरते. दोन्ही पातळ्यांमधील अंतर आपल्या कापडाच्या टेपने इंचात मोजावे. एका सिलिंडरच्या इंजिनात पाणी नाचते, तेव्हा मधला आकडा धरावा. नळी आखूड घेऊ नये, नाहीतर पाणी इंजिनात ओढले जाईल.

मोठ्या डिझेल इंजिनांसाठी ही मर्यादा बहुधा २५ इंचांच्या आसपास दिलेली असते. धुराच्या बाजूची मर्यादा अनेक ठिकाणी पाऱ्याचे ३ इंच, म्हणजे पाण्याचे सुमारे ४० इंच असते. तेथे आधी काही फूट धातूची नळी जोडावी, कारण प्लॅस्टिक वितळते. आपल्या इंजिनाच्या पुस्तकातील आकडा हाच अखेरचा मानावा.

नव्या गाड्या आणि बंद गाळे

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुराच्या पाईपमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो. बाजारपेठेत हळूहळू फिरणाऱ्या गाडीत तो लवकर भरतो. समोर दिवा लागला तर दुर्लक्ष करू नये. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग चालवून काजळी जाळू द्यावी. तो फिल्टर फोडून पोकळ करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये.

शेवटची गोष्ट पैशापेक्षा मोठी आहे. काही दुकानदार चोरीच्या भीतीने जनरेटर बंद गाळ्यात ठेवतात. तेथे इंजिन स्वतःचाच गरम धूर परत ओढते आणि त्याची ताकद घटते. त्याहून वाईट म्हणजे त्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस त्यातून उठत नाही. जनरेटर उघड्यावरच ठेवावा, धूर दारे-खिडक्यांपासून दूर सोडावा आणि नोकराला त्याच्याजवळ झोपू देऊ नये.

आम्ही आता उधारीच्या वहीत एक पान इंजिनासाठी ठेवतो. फिल्टर कधी साफ केला, पाईप कधी बदलला, पाणी किती इंच चढले, हे त्यात लिहितो. गॅरेजमध्ये गेल्यावर ते पान मिस्त्रीसमोर ठेवतो आणि आदराने विचारतो, "उस्ताद, हवा आणि धूर दोन्हीकडचे पाहिलेत का?" चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही. त्याचे उत्तर मिळेपर्यंत पंपाला हात लावू देऊ नये.