टेन्शनर बदलल्यावर सेल्फ मारण्याआधी

टायमिंग चेनचा टेन्शनर बदलल्यावर गाडी बिघडली, की पहिला संशय नव्या पार्टवर जातो. तो आधी बसवण्याच्या पद्धतीवर घ्यावा, आणि फिटेपर्यंत सेल्फला हात लावू नये, असं माझं मत आहे. टेन्शनर चेनची ढिली बाजू दाबून धरतो. तो काढला की चेन सैल पडते. त्याच वेळी कॅमनं एखादा व्हॉल्व्ह दाबलेला असेल, तर व्हॉल्व्हची स्प्रिंग कॅमला ढकलते आणि चेन दात सोडू शकते. कॅमच्या स्प्रॉकेटला ३२ दात असतील तर एका दातानं कॅम ११.२५ अंश सरकतो, क्रँकच्या हिशेबात २२.५ अंश. ‘टायमिंग चुकलं असतं तर गाडी चालूच झाली नसती’ हा गॅरेजमधला नेहमीचा युक्तिवाद, आणि फसगत नेमकी तिथंच होते. एक दात चुकलेली गाडी अनेकदा चालू होते. स्टार्टिंग जड जातं, ओढ कमी होते, सायलेन्सरमधून मधूनच फटाके फुटतात, एवढंच. मग बिचारा कार्बोरेटर उघडला जातो, प्लग बदलला जातो. दात जास्त चुकले, तर काही इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि सगळं हेडच उतरवावं लागतं.

‘पण आवाज तर गेला ना?’ आवाज जाणं हा पुरावा नव्हे. रॅचेटच्या टेन्शनरचे बोल्ट नुसते ढिले केले तरी आतला दांडा स्प्रिंगच्या जोरानं पुढे येतो आणि रॅचेट त्याला मागे जाऊ देत नाही. तेच बोल्ट पुन्हा आवळले की चेन नको इतकी ताणली जाते. खडखड थांबते खरी, पण तिच्या जागी बारीक घूं येते आणि चेनचे गाइड झिजू लागतात. म्हणून टेन्शनर पूर्ण बाहेर काढून, दांडा आत दाबून, मगच बसवावा.

काढण्याआधी मॅग्नेटवरची टी खूण जुळवावी, तीही कॉम्प्रेशनच्या फेरीत, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि रॉकर हातानं किंचित हलतात. बसवल्यावर प्लग काढून, क्रँकला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनं सावकाश दोन फेऱ्या फिरवावं. कुठं अडलं तर जोर लावू नये. मग कॅमच्या खुणा पाहाव्यात. एवढ्याशा कामासाठी हेडचं कव्हर उघडायचं, कदाचित पॅकिंगही नवं घालायचं, ही तक्रार रास्त आहे. गर्दीच्या दिवशी मेकॅनिक हे टाळतो यात नवल नाही. पण वाकलेल्या व्हॉल्व्हच्या कामापुढे तो वेळ किरकोळ आहे. खुणा जुळूनही खडखड राहिली, तर बहुधा चेनच लांबली आहे, किंवा टॅपेट ढिले आहेत. चेनचा अंदाज टेन्शनर काढतानाच येऊ शकतो: मागचा बोल्ट आणि स्प्रिंग आधी काढली, तर दांडा पुढे न उसळता होता तिथंच राहतो. तो जवळजवळ शेवटच्या दातापर्यंत आलेला दिसला, तर नव्या टेन्शनरसोबत चेनही मागवावी.