आधी काट्यावर बसा

एका साखर कारखान्याच्या नव्या सॉफ्टवेअरसाठी मला बोलावणं आलं, तेव्हा गळीत हंगाम तोंडावर होता आणि प्रोग्रॅम लिहून झाला होता. मी यूएक्स डिझायनर, म्हणजे वापरणाऱ्याला सॉफ्टवेअर सोपं जावं हे पाहणारी. ‘स्क्रीन जरा नीटनेटके करून द्या,’ एवढंच माझ्याकडून हवं होतं.

हंगाम सुरू होताच मी रात्रपाळीला वजनकाट्यावर जाऊन बसले. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, ड्रायव्हर खिडकीतून तोडणी चिठ्ठी आत सरकवतो, वजन होतं. गव्हाणीवर ऊस उतरवून ट्रॉली परत येते, रिकामं वजन होतं आणि पावती निघते. काटा क्लार्कला सगळ्यात आधी दिसतो तो गाडीचा नंबर. नवं सॉफ्टवेअर मात्र आधी सभासद क्रमांक मागायचं, मग गट नंबर, मग लागण की खोडवा, मग उसाची जात. गाडीचा नंबर अगदी तळाशी. जुन्या डॉसच्या प्रोग्रॅममध्ये हीच माणसं नुसत्या एंटरवर झरझर नोंद करायची. आता प्रत्येक रकान्याला माउस शोधा.

हे असं का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. प्रोग्रॅमरना माहिती मिळाली होती ऑफिसातल्या बैठकीत, शेतकी आणि अकाउंट्सच्या साहेबांकडून. बिल सभासदाच्या नावे निघतं, म्हणून सगळी मांडणी सभासदापासून सुरू झाली. काट्यावरचं कुणी त्या बैठकीत नव्हतं. सुरुवात गाडीच्या नंबरापासून करू या, असं मी सुचवलं, तर डेटाबेसच सभासदावर उभा होता. तो उकलायचा म्हणजे बिलापर्यंत सगळं पुन्हा लिहायचं, आणि हंगाम कुणासाठी थांबत नाही. माउसच्या जोडीला एंटर चालू झालं, बाकी तसंच राहिलं.

मग क्लार्कनी वही काढली. गर्दीत वजनं वहीत लिहायची, रांग ओसरली की संगणकात भरायची. भराभर उतरवताना एखादा आकडा चुकला, तर तो थेट शेतकऱ्याच्या बिलात. शिवाय रांगेत तोडलेला ऊस वाळतो. वजनही घटतं, साखरही. एवढं होऊन शेरा काय, तर ‘यांना कॉम्प्युटर जमत नाही.’ हा शेरा मला आजही सलतो. ती माणसं आपल्या कामात तरबेज होती.

मोठ्या बँकांतही हेच घडतं. ऑगस्ट 2020 मध्ये सिटीबँकेला रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरचं सुमारे 78 लाख डॉलर व्याज पाठवायचं होतं. गेले जवळजवळ 90 कोटी. मुद्दल बाहेर जाऊ नये म्हणून स्क्रीनवर तीन रकाने भरायला हवे होते, भरला गेला एकच. तिघांनी तपासूनही ते कुणाच्या लक्षात आलं नाही. अशा ठिकाणी माणसाला नुसता दोष देऊन काय साधणार?

म्हणून सांगते, डिझायनरला पहिल्या बैठकीआधी बोलवा आणि कामाच्या जागी पाठवा, तेही गर्दीच्या वेळी. मॉनिटरवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या आणि खणातली वही आधी पाहा. सॉफ्टवेअर कुठे अपुरं पडतं, ते तिथेच लिहिलेलं असतं. मग कागदावर स्क्रीन काढा आणि रोज ते काम करणाऱ्यालाच त्यावर बोटानं काम करायला लावा. त्याला मध्ये काही समजावू नका. तो कुठे अडतो, एवढंच टिपा. पाच जणांना बसवलंत तरी ठळक अडचणी वर येतात, हे यूजेबिलिटीतले तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी कधीचंच मांडून ठेवलंय. कागद फाडून दुसरा घेता येतो. डेटाबेसचं तसं नसतं.

कारखाना असो, पतसंस्था असो की रुग्णालय, पुढची निविदा काढाल तेव्हा एक अट घाला: काउंटरवरच्या माणसानं कागदी स्क्रीनवर आपलं काम न अडखळता पूर्ण करून दाखवल्याशिवाय पहिला हप्ता मिळणार नाही. आणि त्या कागदावर सही त्याचीच घ्या, साहेबांची नको.